कॉम्प्रेसरच्या टाकीला खालून बारीक भोक पडलंय, वेल्डिंग केलं तर चालेल का?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी. माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. पॉलिश आणि स्प्रेच्या कामाला २०० लिटरचा, आडव्या टाकीचा कॉम्प्रेसर वापरतो. सहा वर्षांपूर्वी तो वापरलेलाच घेतला. तेव्हाच नेमप्लेट रंगाच्या थराखाली गेली होती, त्यामुळे टाकीचं खरं वय मला ठाऊक नाही. दाब १० किलोला (दर चौरस सेंटीमीटरला) पोचला की मोटर कट होते, ७ ला परत सुरू होते.

गेला आठवडाभर रात्री मशीन बंद करून गेलो की सकाळी काटा शून्यावर येतोय. आधी वाटलं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, कुठेच काही नाही. शेवटी जमिनीवर पाठ टेकून टाकीच्या पोटाखाली ब्रश फिरवला, तर पायाच्या वेल्डिंगपासून चार बोटांवर एका जागी बुडबुडे आले. भोक डोळ्यांना दिसत नाही. रंगावर नुसता मसुराएवढा तपकिरी फोड आहे. बोट लावलं की गार हवा लागते.

ओळखीचा वेल्डर म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे, वर पत्र्याचं ठिगळ मारून देतो. पण माझ्या भाच्याचं सँडिंगचं टेबल त्या टाकीपासून हातभरावर आहे. दिवसाचे आठ तास तो तिथेच उभा असतो, म्हणून विचारतोय. कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

आर्क_वेल्डर

मी अशा पाच-सहा टाक्या केल्यात भाऊ. गंज घासून काढायचा, भोवती चांगला पत्रा दिसेपर्यंत ग्राइंड करायचं आणि ठिगळाला चारी बाजूंनी पूर्ण रनिंग, म्हणजे सलग वेल्डिंग, मारायचं. आजवर एकही परत आलेली नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह चालू असला की झालं.

जुना_तपासनीस

सुतारपक्षी, आधी एक काम करा. कॉम्प्रेसरचा प्लग काढून ठेवा आणि हे वाचून होईपर्यंत सुरू करू नका. सकाळी काटा शून्यावर असतो म्हणता, तर टाकी आपोआपच रिकामी होतेय. तिच्याजवळ जाऊन काही उघडायची घाई नको. रात्रभर तशीच राहू द्या. उद्या लांब नळीच्या टोकाची गन दाबून हवा येत नाही ना एवढं बघा. काट्यावर भरवसा ठेवू नका, अडकलेले काटे मी पुष्कळ पाहिलेत.

आता माझं सांगतो. एकतीस वर्षं मी प्रेशरच्या टाक्या आणि बॉयलर तपासायचं काम केलं. त्याआधी दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो. तिथे तुमच्याकडे आहे तशीच, थोडी मोठी टाकी होती. तिच्या पोटाला ठिगळ होतं आणि ते आमच्याच माणसाने, अगदी नीट मारलं होतं. एका दुपारी मी स्टोअरमधून पाने आणायला गेलो आणि मागे स्फोट झाला. आवाज मला आठवत नाही, कान बंद झालेले आठवतात. परत आलो तर सगळीकडे धूळ, ट्यूबलाइट सगळ्या फुटलेल्या आणि टाकी जागेवर नाही. ती सात-आठ मीटरवर भिंतीत जाऊन बसली होती. जो माणूस तिच्याशेजारी व्हाइसवर काम करत होता, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. तो वाचला. माझ्या डाव्या कानाने तेव्हापासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या टाकीपाशी बराच वेळ बसलो होतो. ती लांबीच्या दिशेने उभी चिरली होती आणि पत्रा चटईसारखा उलगडला होता. ठिगळ शाबूत होतं. वेल्डिंगचा एकही टाका सुटला नव्हता. फाटलं होतं त्याच्या कडेकडेने, शेजारच्या पत्र्यातून. फाटलेली कड हाताने चाचपली तर वरच्या बाजूला पत्रा चांगला जाड लागला आणि पोटापाशी येता येता तो पातेल्याच्या काठासारखा झाला होता. पुढे मी या कामात पडलो त्याचं कारण ती कड.

असं का होतं ते सांगतो. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली साचते. आडव्या टाकीत ते पोटाशी लांब पट्टा धरून बसतं. रोज काढलं नाही तर तिथला पत्रा आतून गंजत जातो, एका ठिकाणी नव्हे, त्या सगळ्या पट्ट्यात. त्यात जिथे खड्डा सगळ्यात खोल गेला तिथून आधी हवा निघते. तुम्हाला दिसलेला तपकिरी फोड म्हणजे त्या पट्ट्यातला पहिला खड्डा. बाकीचे किती खोल आहेत ते बाहेरून कळणार नाही, आणि बाहेरचा रंग छान असला तर मुळीच नाही.

थोडं गणित करू, कारण मला वाटतं आकडे बघितल्यावर वाद राहत नाही. तुमच्या टाकीचा व्यास ४५ सेंटीमीटरच्या आसपास असेल. १० किलो दाबाला एकेका डिशवर, म्हणजे टोकाच्या फुगीर झाकणावर, आतून सुमारे १६ टनांचा रेटा असतो. पत्रा नवा, समजा ३.२ मिलिमीटरचा असेल, तर शेलमधला, म्हणजे टाकीच्या गोल अंगातला, ताण दर चौरस सेंटीमीटरला ७०० किलो येतो. साधं माइल्ड स्टील २५०० च्या आसपास कायमचं ताणायला लागतं, म्हणजे नव्या टाकीत भरपूर राखीव आहे. तोच पत्रा गंजून १.१ वर आला की ताण २००० च्या वर गेला. आणि हा सपाट पत्र्याचा हिशोब झाला, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी तो आणखी वाढतो. शेलमध्ये गोलाईचा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून टाकी उभी चिरते, लांबीभर.

अशा पत्र्यावर ठिगळ मारताना जाड पत्रा पातळ पत्र्याला जोडला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने बाजूची पट्टी आणखी कडक होते, अंडरकट (वेल्डिंगच्या कडेला खाच) पडला तर तिथेच कमी झालेली जाडी आणखी कमी होते. भोक बुजतं आणि टाकी देत असलेली सूचना बंद होते.

साठलेली ताकद किती? २०० लिटर हवा १० किलोला दाबलेली असेल आणि ती एकदम सुटली, तर सुमारे २७० किलोज्यूल. एक टनाची मोटार ताशी ८० किलोमीटरच्या थोडं वर वेगाने येऊन धडकली तर जेवढी ऊर्जा लागते तेवढी. तुमचा भाचा त्या मोटारीपासून हातभरावर उभा आहे.

टाकी बदला. दुरुस्ती करू नका.

आर्क_वेल्डर

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण एक शंका आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह ११ किलोला उडतो. दाब त्याच्या वर जाणारच नाही, मग टाकी फुटेल कशी? आणि एवढी भीती असेल तर ठिगळ मारून, टाकीत पाणी भरून दाब देऊन टेस्ट करून बघावी, टिकली तर वापरावी.

जुना_तपासनीस

चांगला प्रश्न विचारलात. हीच समजूत सगळ्यात जास्त माणसांना इजा करते, म्हणून सविस्तर लिहितो.

सेफ्टी व्हॉल्व्ह दाब वाढण्यापासून वाचवतो. पत्रा कमजोर होण्यापासून वाचवणं त्याच्या हातात नाही. प्रेशर स्विच बिघडला, मोटर थांबलीच नाही, तर व्हॉल्व्ह उडेल आणि जीव वाचेल. पण गंजलेली टाकी ९ किलोलाच फाटली तर ११ चा व्हॉल्व्ह काय करणार? त्या दुपारी आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह उडाला नव्हता. तो नंतर तपासला तेव्हा चांगला चालत होता.

व्हॉल्व्ह तरीही हवाच. त्याची रिंग अधूनमधून ओढून तो सुटतो ना ते बघायचं, चष्मा घालून आणि तोंड बाजूला ठेवून. त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कधीही कॉक बसवायचा नाही. त्यातून हवा गळते म्हणून बूच मारून ठेवलेले व्हॉल्व्ह मी पाहिलेत, ते मात्र गुन्ह्याच्या जवळ जाणारं काम आहे.

पाण्याच्या टेस्टचं म्हणाल तर ती पाण्याने का करतात ते आधी बघा. २०० लिटर पाणी १० किलोला दाबलं तर ते जेमतेम ९० मिलिलिटर आकसतं. त्यात साठते ती ऊर्जा साधारण ४५ ज्यूल, म्हणजे साडेचार किलोचं वजन एक मीटरवरून खाली पडावं तेवढी. हवेत तीच २७०००० ज्यूल. म्हणून टेस्टमध्ये टाकी फाटली तर पाणी फस्सकन बाहेर येतं आणि विषय संपतो. मात्र वर हवेचा कप्पा राहिला तर ती टेस्ट पाण्याची राहत नाही. आणि हवा भरूनच टेस्ट करू, असा कुणी विचार करत असेल तर कृपा करून नको.

पण टेस्ट पास झाली याचा अर्थ त्या दिवशी टाकी टिकली एवढाच. आत किती मिलिमीटर उरलेत ते ती सांगत नाही, आणि दाब रोज पन्नास वेळा ७ वरून १० वर चढतो तेव्हा खड्ड्याच्या तळातून चीर पुढे सरकत असते. जाडी बघायला अल्ट्रासॉनिक गेज लागतो. तो बाहेरून लावता येतो, टाकी कापावी लागत नाही.

ठिगळाचं म्हणाल तर माझ्या एकट्याच्या आठवणीवर जाऊ नका. अमेरिकेत सेंट लुईसला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ३ एप्रिल २०१७ ला वाफेच्या यंत्रणेतली गरम पाण्याची टाकी फुटली. तिचा तळ आतून गंजला होता. २०१२ मध्ये गळती लागली तेव्हा तळाचा खराब भाग कापून नवा बसवला, पण भोवतीची पातळ झालेली कड तशीच राहिली. पुढे त्या टाकीची नीट तपासणी झाली नाही. स्फोटाआधीच्या शुक्रवारी परत गळती दिसली. दुरुस्तीवाला सोमवारी दुपारी येणार होता. सोमवारी सकाळी यंत्रणा चालू केली आणि तळ सुटला. एक माणूस तिथेच ठार झाला. टाकी छप्पर फोडून वर गेली आणि जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या छतातून खाली आली. तिथे तिघं गेली. त्यांचा त्या नोकरीतला पहिला दिवस होता. पुढे अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने याची चौकशी करून अहवाल दिला.

शुक्रवार ते सोमवार हा मधला काळ मला फार लागतो. सुतारपक्षी, तुमची टाकी आत्ता त्याच काळात आहे.

रात्रपाळी

मी इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे. टाकीतलं मला कळत नाही, पण तिथून आमच्याकडे काय येतं ते सांगते.

सुतारपक्षी दादा, त्या भोकाला परत बोट लावू नका. दाबातली हवा कातडीतून आत शिरू शकते, विशेषतः आधीच कापलेलं असेल तर. कपड्यांवरची धूळ उडवायला जे हवेची नळी अंगावर धरतात त्यांनाही हेच सांगणं आहे. डोळा, कान आणि जखम या तीन ठिकाणी ती फार वाईट काम करते.

तुम्ही स्प्रेचं काम करता म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. एअरलेस मशीन (हवा न मिसळता नुसत्या दाबाने पेंट फेकणारं) वापरत असाल तर त्यात पेंट २०० बारच्या आसपास दाबाने निघतो, आणि एक बार म्हणजे जवळपास तुमचा एक किलो. एकदा आमच्याकडे एक मुलगा आला. अडकलेलं नोझल साफ करताना तर्जनीच्या पेराला काहीतरी टोचल्यासारखं झालं, एवढंच म्हणाला. जखम म्हणजे सुईचं टोक. रक्त नाही, सूज नाही, फारसं दुखतही नव्हतं. आधी जिथे दाखवलं होतं तिथे मलम लावून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बोट पांढरट आणि फुगलेलं होतं. पेंट आणि थिनर कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून तळहातापर्यंत गेलं होतं. बोट काढावं लागलं. तो मला विचारत होता की एवढ्याशा भोकाने असं कसं झालं.

म्हणून ग्रीस गन, हायड्रॉलिकची नळी किंवा एअरलेस गन यातून कातडीला टोचल्यासारखं झालं तर दुखायची वाट बघू नका. सरळ जिथे हाताची शस्त्रक्रिया होते तिथे जा आणि कोणतं द्रव होतं, किती दाब होता ते सांगा. पहिले सहा तास मोलाचे असतात. पिळून काढायचा प्रयत्न करायचा नाही, बर्फही लावायचा नाही. आणि हायड्रॉलिकची गळती हाताने शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

टाकी फुटलीच तर काय करायचं तेही विचारतात लोक. आधी वीज तोडा आणि दुसरी टाकी किंवा सिलिंडर जवळ असेल तर माणसाला तिथून हलवा. रक्त उडत असेल तर कापडाने घट्ट दाबून धरा आणि सोडून सोडून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर पट्टा आवळा आणि वेळ लिहून ठेवा. शरीरात पत्रा घुसला असेल तर ओढून काढू नका. डोळ्यात काही रुतलं असेल तर चोळायचं नाही, वर कागदी कप उपडा धरून चिकटवायचा. वाफेने किंवा गरम पाण्याने भाजलं असेल तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा.

आणि ज्याला बाहेरून ओरखडाही नाही, त्यालाही आणा. स्फोटाचा धक्का कानाच्या पडद्याला आणि फुप्फुसाला बसतो. कानात शिट्टी वाजतेय, छाती जड वाटतेय, श्वास लागतोय, हे काही तासांनी सुरू होऊ शकतं. काकांचा कान त्याच धक्क्यात गेला असणार.

जुना_तपासनीस

ताई, बरोबर आहे. तेव्हा मला कुणीच दाखवायला नेलं नाही. लागलेलं काही दिसत नव्हतं.

आर्क_वेल्डर

मी ज्या टाक्या केल्या त्यातल्या तीन कुणाकडे आहेत ते मला माहीत आहे. त्यांना आज फोन करतो. बाकीच्यांचं शोधावं लागेल.

सुतारपक्षी

बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

प्लग त्याच संध्याकाळी काढला. ड्रेन कॉकचं हँडल गंजून धरलेलं होतं. खरं सांगतो, सहा वर्षांत मी ते दोन-तीनदाच उघडलं असेल. टाकी पूर्ण मोकळी आहे याची खात्री करून कॉक काढला तर आधी काहीच आलं नाही. तारेने टोकरल्यावर चहासारखं लाल पाणी आणि गंजाचा गाळ आला, साडेचार लिटर. म्हणजे कॉक गाळाने चोंदलाच होता.

मग गेजवाल्या माणसाला बोलावलं. वरच्या बाजूला ३.२, बाजूला ३.०, पोटाशी १.४, १.१, १.२. भोकाजवळ आकडा स्थिरच होईना. तो माणूस काही बोलला नाही, खडूने आकडे टाकीवर लिहीत गेला. शेवटचा १.१ भाच्याने वाचला आणि आपलं टेबल ओढून दुसऱ्या भिंतीला नेलं.

काकांना फोटो पाठवला होता. त्यांनी सांगितलं तसं मोटर आणि हेड (हवा दाबणारा पंप) काढून घेतलं आणि टाकी कुणी परत वापरू नये म्हणून शेलला ड्रिलने मोठी भोकं पाडली. आत तेल असतं म्हणून गॅस कटर लावला नाही. नवी टाकी घेतली. नेमप्लेटवर दाब, वर्ष, टेस्टचा आकडा, सगळं वाचता येतं. ती भिंतीपलीकडे पडवीत ठेवलीय. ड्रेन कॉकला नळी लावून टोक अशा जागी आणलंय की वाकायला लागत नाही. संध्याकाळी झाडू मारायच्या आधी भाचा तो उघडतो.

एक विचारायचं राहिलं. टाकीपासून टेबलांपर्यंतची लाइन पांढऱ्या पीव्हीसी पाइपची आहे, पाण्याला वापरतात तीच. पाइपवर १० किलो छापलेलं आहे. ते चालेल ना?

जुना_तपासनीस

चालणार नाही. तो आकडा पाण्याचा आहे. हवेच्या दाबात पीव्हीसी तडकलं तर फुटत नाही, उडतं. धारदार तुकडे होऊन चारी बाजूंना जातं. ऊन, कॉम्प्रेसरचं तेल, वर पडलेला एखादा पाना, काहीही निमित्त पुरतं, आणि वर्षं जातात तसं ते ठिसूळ होत जातं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच याबद्दल इशारा काढला होता. जीआय, तांबं किंवा हवेसाठीच बनवलेला ॲल्युमिनियमचा पाइप टाका, टाकीकडून पुढे थोडा उतार द्या आणि शेवटी पाणी काढायला कॉक ठेवा. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये थरथर झेलायला रबरी नळीचा तुकडा लागेल. तिच्या दोन्ही टोकांना तारेचं बंधन घाला, नाहीतर कपलिंग सुटलं की नळी सापासारखी आपटते आणि समोर कोण आहे ते बघत नाही.

बदलेपर्यंत ती लाइन वापरू नका. भाच्याला सांगा, डोक्यावरून जाणारा तुकडा आधी काढायचा.

सुतारपक्षी

लाइन आत्ताच बंद केली. पाइप येईपर्यंत पडवीतून सरळ रबरी नळी ओढून एकच गन चालवतो. डोक्यावरचा तुकडा भाचा काढतोय, शिडीवर आहे.